वस्तीत कलावंतांसाठी कॅफे काढताय? या चुका टाळा

पहिली चूक मेनूकार्डावर होते. भिंतीवर झकास चित्रं, पिवळे दिवे, आणि कॉफी १८० रुपये. समोरच्या टपरीवर कटिंग १० रुपयांत मिळत असताना गल्लीतला पोरगा दारातूनच दर वाचतो आणि पुढे जातो. मग टेबलांवर दिसतात ते बाहेरून फोटो काढायला आलेले लोक. चहा टपरीच्याच भावात ठेवा. भाडं भरून काढायला रविवारी बाहेरच्यांसाठी सशुल्क कार्यशाळा घ्या, दुपारी गाळा शिकवणीला तासावर द्या. ‘दर तासाला काहीतरी मागवा’ अशी पाटी तर लावूच नका. पोरं इथे बसायला येतात, कारण घरी दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात, तिथे कागद पसरायला जमीन नसते. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहूनच लिहीत होते, पण म्हणून आजच्या पोरांनीही तसंच लिहावं असं थोडंच आहे?

सगळ्यात जास्त भांडणं आवाजावरून होतात. पोरं ड्युटीवरून सुटून आठला येतात आणि ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. ढोलकीची एक थाप ती सहज ओलांडते. यावर उपाय म्हणून हमखास अंड्यांचे ट्रे चिकटवले जातात. त्यांनी फार तर आतला घुमारा थोडा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही, वर पुठ्ठा पेटला तर वेगळाच घोर. आवाज फटींतून निसटतो: शटरखालून, पत्रा आणि भिंत यांच्या मधून. आधी फटी बुजवा, दाराला रबराची पट्टी लावा, स्पीकर जाड रबरी मॅटवर ठेवा. साडेनऊला वाद्यं बंद, पुढे लिहिणं आणि चित्रं. शेजारच्या काकूंना कार्यक्रमाची तारीख आधी सांगा. पोलिसांना फोन बहुधा तिथूनच जातो.

कागदपत्रांत दोन गोष्टी हमखास राहतात. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर कॅफेत चालत नाही, व्यावसायिकच घ्यायचा, बहुधा १९ किलोचा. आणि घरगुती मीटरवर धंदा पकडला गेला, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. अन्नसुरक्षा नोंदणी करायचीच. रेकॉर्ड केलेली गाणी लावायची तर त्याचाही परवाना लागतो, त्यापेक्षा पोरांची स्वतःची गाणी ऐका.

गाणाऱ्याला ‘प्रसिद्धी मिळेल’ असं सांगून फुकट गाऊन घेणं बंद करा. ३०० द्या, पण त्याच रात्री हातात द्या.

आणि भाडेकरार. जागा चालू लागली की मालकाला भाडं कमी वाटू लागतं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. अकरा महिन्यांवर न थांबता तीन वर्षांचा करा, दरवर्षी भाडं किती वाढेल ते त्यातच लिहून घ्या, आणि भिंतीला पहिला रंग त्यानंतर लावा.