लांब पल्ल्याचे कयाकिंग: पाण्यावर काय खावे, काय प्यावे आणि ते कुठे ठेवावे

पळणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असतात आणि सायकलस्वाराला एक हात सोडता येतो; कयाकमध्ये, म्हणजे बसून वल्हवायच्या अरुंद नावेत, मात्र दोन्ही हात वल्ह्यात गुंतलेले असतात आणि वल्हे थांबले की नाव वाऱ्याबरोबर भरकटू लागते. लांब पल्ल्याच्या वल्हवण्यात खाण्यापिण्याची बहुतेक सारी अडचण या एका गोष्टीतून निघते. किती ग्रॅम खावे आणि किती मिलिलिटर प्यावे हे ठरवणे त्या मानाने सोपे आहे. ठरवलेले खरोखर पोटात जाईल अशी व्यवस्था किनाऱ्यावर असतानाच करून ठेवणे अवघड आहे. पुण्याच्या आसपास खडकवासला, पानशेत, मुळशी किंवा पवना या जलाशयांवर, जिथे रीतसर परवानगी असेल तिथे, तीन तासांहून अधिक वल्हवण्याची तयारी करणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

मी हे चूक करूनच शिकले. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही तिघी चार तासांच्या फेरीला निघालो होतो. माझ्याजवळ दोन लिटर पाणी, केळी आणि गूळ-शेंगदाण्याची चिक्की होती, पण ते सगळे मागच्या हॅचमध्ये, म्हणजे नावेच्या झाकणबंद कप्प्यात, ड्रायबॅगेत (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) बांधलेले होते. सकाळच्या गारव्यात पहिले दोन तास तहान लागली नाही, आणि हॅच उघडायचे तर किनाऱ्याला लागावे लागेल म्हणून मी पाणी पिणे पुढे ढकलत गेले. अकराच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुटला. आम्ही जलाशयाच्या वरच्या टोकाकडून निघालो असल्याने परतीची वाट नेमकी वाऱ्याच्या तोंडावर होती. थोड्या वेळाने माझे वल्हे पाण्यात उथळ पडू लागले, बोटे थरथरू लागली आणि समोरचा किनारा जवळ येतो आहे की नाही हेही कळेनासे झाले. मैत्रिणीने आपली नाव माझ्या नावेला लावून धरली, हॅच उघडून चिक्कीचा तुकडा माझ्या हातात दिला, आणि पंधरा-वीस मिनिटांनी मी माणसात आले. सामान माझ्या पाठीमागे दोन हातांवर होते, तरी ते माझ्या काही कामाचे नव्हते.

किती खावे

शरीर पिष्टमय पदार्थ ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवते. हा साठा प्रौढ माणसात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि जोरकस श्रमात तो दीड-दोन तासांत बराच ओसरतो. वल्हवताना खांदे, पाठ आणि कंबरेचे स्नायू सतत काम करतात. मध्यम गतीनेही तासाला ३०० ते ४०० कॅलरी सहज खर्च होतात. एवढी सगळी ऊर्जा वाटेत खाऊन भरून काढता येत नाही आणि तशी गरजही नाही, कारण संथ गतीत चरबीचाही वापर होत असतो. तीन-चार तासांच्या फेरीसाठी तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरेशी होतात. त्याहून लांब आणि वेगवान स्पर्धेत काही जण ९० ग्रॅमपर्यंत जातात, पण त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही लागतात, कारण आतड्यात त्यांचे शोषण वेगवेगळ्या मार्गांनी होते आणि एकट्या ग्लुकोजचा मार्ग त्याआधीच भरून जातो. आपली साखर आणि गूळ यांत ही दोन्ही जवळजवळ निम्मी-निम्मी असतात, त्यामुळे खेळाडूंसाठीचे महागडे साखरेचे जेल घेतल्याशिवाय हे जमणार नाही असे समजण्याचे कारण नाही.

एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम कर्बोदके मिळतात, बिया काढलेल्या चार-पाच साध्या खजुरांतूनही तेवढीच, राजगिऱ्याच्या मध्यम लाडवातून २० ग्रॅमच्या आसपास, आणि दीडशे ग्रॅम उकडलेल्या बटाट्यातून ३० ग्रॅम. चार तासांसाठी तासाला ४० ग्रॅम धरले तर १६० ग्रॅम होतात. दोन केळी, एक लाडू, चार-पाच खजूर आणि खाली सांगितलेले लिटरभर सरबत मिळून हा हिशेब जवळपास पुरा होतो. बटाट्याचे मीठ लावलेले तुकडे मला विशेष उपयोगी वाटतात, कारण दोन तास गोड खाल्ल्यावर तोंडाला मिठ्ठास नकोशी होते आणि तिथेच अनेकांचे खाणे थांबते. शेंगदाण्याची चिक्की मात्र मी आता शेवटच्या तासासाठी ठेवत नाही. तिच्यातले तेल पचायला वेळ घेते, ती चावायला लागते आणि धापा टाकताना दाण्याचा कण घशात अडकतो. साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, भाकरी हे सारे उत्तम अन्न असले तरी बसल्या जागी कंबर पिळत वल्हवताना तेल आणि चोथा पोटात दगडासारखे बसतात.

किती प्यावे

पाण्यावर घाम आलेला कळत नाही. वारा तो वाळवतो, वल्ह्यावरून ओघळणारे पाणी अंगावरचा ओलेपणा लपवते, आणि स्प्रे स्कर्टखाली, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कंबरेभोवती बांधून बसायच्या जागेवर ताणलेल्या आवरणाखाली, कंबरेपासूनचे अंग न दिसता घामेजत असते. त्यामुळे आपल्याला किती पाणी लागते हे अंदाजाने न ठरवता वजनकाट्यावर ठरवावे. निघण्यापूर्वी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करावे, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करावे, आणि कमी झालेल्या वजनात मध्ये प्यायलेले पाणी मिळवावे. समजा वजन ६४.० किलोवरून ६३.१ झाले आणि दोन तासांत ६०० मिलिलिटर पाणी प्यायले, तर घाम दीड लिटर, म्हणजे तासाला ७५० मिलिलिटर झाला. मध्ये लघवी झाली असेल तर तेवढे वजा करावे, आणि खाल्लेल्या केळ्या-खजुरांचे वजन थोडे असले तरी मिळवावे. ही मोजणी डिसेंबरच्या पहाटे एकदा आणि एप्रिल-मेच्या उन्हात एकदा अशी दोनदा करावी, कारण दोन्ही आकड्यांत दुपटीचा फरक पडू शकतो. घामाइतके सगळे पाणी परत भरण्याचा अट्टहास नको. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत राहिली की पुरे.

घामाबरोबर मीठही जाते. चहाचा पाव चमचा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम मिठात जवळपास ६०० मिलिग्रॅम सोडियम असते. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर किंवा किसलेला गूळ, पाव चमचा मीठ आणि एका लिंबाचा रस घातला की सहा टक्के गोडीचे सरबत तयार होते. त्याहून गोड केले तर ते पोटात रेंगाळते आणि ढवळल्यासारखे वाटते. एप्रिलमध्ये हेच प्रमाण ठेवून मी त्यात कोकमाचे आगळ घालते, मात्र आगळात मीठ आधीच असल्याने वरून मीठ घालत नाही. चाखून पाहावे, ते अश्रूंपेक्षा खारट लागू नये. औषधाच्या दुकानातील ओआरएस हे मुळात जुलाबासाठीचे सूत्र आहे: त्याच्या एका लिटरमध्ये मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज अवघे १३.५ ग्रॅम असते. कडक उन्हात ते चालते, पण ऊर्जेसाठी सोबत खावेच लागते. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्यांनी मीठ-साखरेचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उलट बाजूची चूक अधिक धोक्याची आहे. भीतीपोटी साधे पाणी लिटरच्या लिटर पीत राहिले तर रक्तातील सोडियम पातळ होते. डोके दुखणे, मळमळ, अंगठी घट्ट होणे, बोलण्यात गोंधळ आणि परत आल्यावर वजन वाढलेले आढळणे ही त्याची चिन्हे आहेत. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नये. थेट रुग्णालयात न्यावे.

सामान कुठे ठेवावे

मुख्य पाणी दोन लिटरच्या हायड्रेशन ब्लॅडरमध्ये (नळी असलेल्या पाण्याच्या मऊ पिशवीत) भरून आसनामागे कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या जागेत, ठेवावे, आणि त्याची नळी लाइफ जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्याला क्लिपने अशी लावावी की मान किंचित वळवली की तोंड नळीपर्यंत पोहोचेल. नळी तोंडात धरली की वल्हे चालवत असतानाही दोन घोट घेता येतात, आणि हा एवढा एक बदल मला बाकी सगळ्या उपायांहून मोठा वाटतो. सरबत ब्लॅडरमध्ये भरू नये, कारण नळीत बुरशी धरते आणि ती धुणे जिकिरीचे असते. सरबताची बाटली पुढच्या डेकवर, म्हणजे नावेच्या वरच्या पृष्ठभागावर, बंजी (लवचीक) दोरीखाली ठेवावी, तिचे झाकण ओढून उघडणारे असावे आणि बाटली दोरीने बांधलेली असावी.

खाणे लाइफ जॅकेटच्या पुढच्या खिशात ठेवावे. ओल्या, सुरकुतलेल्या बोटांनी प्लास्टिकचे वेष्टन फाडता येत नाही, म्हणून घरीच वेष्टने काढून, खजुराच्या बिया काढून, लाडवाचे एका घासाचे तुकडे करून ते छोट्या झिपलॉक पिशवीत भरावेत आणि झिपचा कोपरा दातांनी पकडण्याइतका उघडा ठेवावा. ब्लॅडर आसनामागे, बाटली दोरीखाली आणि खिसा बंद असा सगळा जामानिमा करून किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पाच मिनिटे बसावे आणि एकेक गोष्ट हाताशी येते का ते करून पाहावे. जे तिथे जमले नाही ते वाऱ्यात नक्की जमणार नाही.

इंग्लंडमधील डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर या सुमारे २०० किलोमीटरच्या शर्यतीत, जिथे नाव पाण्याबाहेर काढून उचलून न्यावी लागते अशा ठिकाणी मदतनीस खाणे-पिणे घेऊन उभे असतात. आपल्या जलाशयांवर असे कोणी नसते, म्हणून सगळे नावेतच हवे. आणि जलाशयाचे पाणी तसेच पिऊ नये. बहुतेक पुणेकरांच्या नळाला खडकवासला प्रकल्पातील धरणांचेच पाणी येते, पण ते जलशुद्धीकरण केंद्रातून जाऊन. त्याच कारणाने केळ्याची साल आणि वेष्टने त्यात पडू देऊ नयेत.

घड्याळ

तहान आणि भूक यांची वाट पाहू नये. घड्याळात दर २० मिनिटांची सूचना लावावी आणि ती वाजली की चार-पाच घोट, म्हणजे साधारण १५० ते २०० मिलिलिटर प्यावे. स्वतःच्या मोजणीनुसार ते कमी-जास्त करावे. पहिला घास अर्ध्या तासानंतर आणि पुढे दर ४० मिनिटांनी घ्यावा. वारा असेल तर नाव वाऱ्याच्या दिशेने तोंड करून ठेवावी, एक घास तोंडात टाकावा आणि चावत चावत पुन्हा वल्हवावे. सोबत असलेल्यांनी एकमेकांना विचारत राहावे, कारण ज्याची साखर उतरत असते त्याला स्वतःला ते सर्वांत शेवटी कळते.

अनेक जण, विशेषतः स्त्रिया, लघवीच्या अडचणीमुळे जाणूनबुजून कमी पितात. हा त्रास खरा आहे आणि त्यावर उपाय दीड-दोन तासांनी किनाऱ्याला लागण्याची जागा नकाशावर आधीच ठरवण्याचा आहे, तहानलेले राहण्याचा नाही. थंडीत तर लघवी वाढते आणि तहान कमी लागते, त्यामुळे डिसेंबरात थर्मासमधून कोमट सरबत न्यावे.

आधी आणि नंतर

आदल्या रात्री वरण-भात-बटाटा असे साधे जेवण पुरते. उसळी आणि तिखट रस्से त्या दिवशी टाळावेत. पहाटे सहाला निघायचे असेल तर तीन तास आधी उठून खाणे बहुतेकांना शक्य नसते, म्हणून तासभर आधी वाटीभर गुळाचा शिरा किंवा केळे आणि ग्लासभर पाणी घ्यावे. चहाची सवय असेल तर चहा घ्यावा. पोटाला वल्हवताना पचवण्याची सवय लागावी म्हणून मोठ्या फेरीआधी पाच-सहा आठवडे सरावातही हेच पदार्थ खावेत. मोठ्या दिवशी नवा पदार्थ करून पाहू नये.

परत आल्यावर कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी तीन-चार तासांत थोडे थोडे प्यावे. पहिल्या तासात मीठ घातलेले ताक आणि दही-भात घेतल्यास कर्बोदके, मीठ आणि प्रथिने एकत्र मिळतात. खडकवासल्याच्या काठावरची गरम कांदाभजी समोर असते हे खरे, पण ती त्यानंतर. घरी आल्यावर वजनाचे दोन्ही आकडे, किती प्यायले, किती खाल्ले, वारा आणि ऊन कसे होते हे वहीत लिहावे, आणि खिशात उरलेले तुकडे मोजावेत: जे उरले ते का उरले, याचे उत्तर बहुतेक वेळा ते कुठे ठेवले होते यातच सापडते.