स्टेजिंगवाले येण्याआधी नवं घर कसं तयार करावं

सांगली-मिरजेत नवा फ्लॅट किंवा रो-बंगला विकायला काढताना स्टेजिंग करून घ्यायचं ठरवलं असेल, तर ऑर्डर देण्याआधी घराचं काम खरोखर संपलंय का, ते बघा. स्टेजिंगवाले भाड्याचा सोफा, पडदे, गालिचा, दिवे आणून घर राहतं असल्यासारखं मांडतात. ओल काढणं, पोकळ फरशी बदलणं, अडकणारं दार रंधून घेणं ही कामं त्यांची नाहीत. सामान आत आल्यावर गवंड्याला आणि रंगाऱ्याला पुन्हा बोलावणं सगळ्यांनाच जड जातं. सोफ्यामागे दडवलेली ओल तर घेणाऱ्याला पहिल्याच पावसाळ्यात दिसते. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार, ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष कळवला गेला, तर बिल्डरला तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. तेव्हा तो आत्ताच काढलेला बरा.

1. तारीख उलटी मोजा

आपल्याकडे घर बघायला लोक बाहेर पडतात ते दसरा, दिवाळी, पाडवा, अक्षय्य तृतीया धरून. पितृपक्षात बरेच जण व्यवहाराचं बोलणंसुद्धा टाळतात. दसऱ्याला घर दाखवायचं असेल, तर पितृपक्षाचा पंधरवडा साफसफाईला आणि टचअपला ठेवा. मात्र रंगाचं काम त्याआधीचं, म्हणजे ऐन पावसाळ्यातलं. प्लास्टरवर किमान 7 दिवस पाणी मारायचं, मग साधारण महिनाभर ते सुकू द्यायचं. श्रावणातल्या दमट हवेत याहून जास्तच वेळ लागतो. ओल्या भिंतीवर लांबी (पुट्टी) आणि रंग चढवला, की पोपडे सुटतात.

भिंत सुकली का हे हात लावून कळत नाही. हातभर प्लास्टिकचा कागद घ्या, चारही कडा टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि 24 तास तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला बाष्प धरलं, तर रंगाऱ्याला थांबवा. हा कागद बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर आणि खिडकीच्या खाली नक्की लावून बघा, कारण ओल सगळ्यात आधी तिथेच निघते.

2. पाण्याची कामं रंगाच्या आधी

बाथरूमच्या आणि गच्चीच्या जाळ्या बंद करून पाणी साठवा. किमान एक दिवस, जमलं तर दोन दिवस ते तसंच राहू द्या आणि खालच्या छताकडे लक्ष ठेवा. टाकी धुऊन घ्या, सगळे नळ सोडून पाइपमधली वाळू जाऊ द्या, मग नळाच्या तोंडाची जाळी काढून साफ करा. नव्या घरात पाण्याची धार बारीक येते ती बहुतेक वेळा या जाळीत अडकलेल्या कचऱ्यामुळे.

बंद घरात दार उघडताच गटाराचा वास येतो, त्याचं कारण साधं असतं. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वास अडवणाऱ्या भांड्यातलं, पाणी वाळून गेलेलं असतं आणि पाइपमधला वास सरळ वर येतो. दर चार-सहा दिवसांनी प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओता. सुगंधी मेणबत्त्यांपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त.

3. फरशी आणि ॲसिड

नाणं घेऊन फरशी वाजवत जा. पोकळ आवाज आला की खडूने खूण करा आणि फरशीवाल्याकडून ती बदलून घ्या. फरशीवर सिमेंटचा पांढरा थर राहिला असेल, तर साफ करणारा माणूस बहुधा ॲसिडची बाटली काढेल. त्याला अडवा. ॲसिडने संगमरवराची झिलई जाते, सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं आणि बंद बाथरूममध्ये नुसत्या वाफेनेही चकचकीत नळांवर डाग पडतात. बाजारात टाइल क्लीनर मिळतं, ते आधी कोपऱ्यातल्या एका फरशीवर लावून बघा.

4. धूळ दोनदा काढा

या कामात घाई करू नका, कारण कॅमेऱ्याला धूळ डोळ्यापेक्षा जास्त दिसते. आधी राडारोडा पूर्ण उचलून न्या. जिन्याखाली आणि गच्चीवर ठेवलेली उरलीसुरली वाळूही गेली पाहिजे, नाहीतर वाऱ्याबरोबर तीच पुन्हा घरात येते. मग वरून खाली या: माळा, पंख्याची पाती, दाराच्या चौकटीची वरची कड, खिडक्यांचे रूळ, ओट्याखालचे कप्पे, शेवटी फरशी. सुरुवातीला कोरडं काम करा, शक्य असेल तर व्हॅक्यूम लावून. धुळीवर थेट ओलं फडकं फिरवलं, की तिचा चिखल सांध्यांत बसतो. हे झालं की एक दिवस घर बंद ठेवा. हवेतली धूळ खाली बसते, ती दुसऱ्या दिवशी पुसायची.

काचेवरचे रंगाचे थेंब साबणाचं पाणी लावून ब्लेडने काढा. अ‍ॅल्युमिनियमवरचं प्लास्टिक आवरण उन्हात राहिलं, तर त्याचा गोंद भाजून चिकटतो आणि मग निघता निघत नाही. तेही आधीच सोला.

5. दिवे आणि मापं

महावितरणचं कायमचं कनेक्शन मिळालेलं असावं, बांधकामाच्या तात्पुरत्या विजेवर दाखवणी करू नका. एका खोलीत एकाच रंगाचे दिवे लावा. हॉल-बेडरूमला 3000 केल्विन (पिवळसर), ओट्यावर 4000 केल्विन (पांढरट) चालतं. पिवळा आणि पांढरा प्रकाश एकत्र असला, तर फोटोत भिंतीचा रंग विचित्र दिसतो.

प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, दाराची रुंदी, जिन्याचं वळण, लिफ्टची आतली मापं आणि बोर्डांच्या जागा एका कागदावर काढून स्टेजिंगवाल्यांना आधीच पाठवा. देवघराचा कोपरा कुठला, हेही त्यात लिहा. घर बघायला येणारी आजी तोच आधी शोधते.

6. कागद आणि पुराचा प्रश्न

भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत राहायला वापरता येते या दाखल्याची, प्रत घरात ठेवा. प्रकल्प महारेरात (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणात) नोंदलेला असेल, तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो.

सांगलीत आणखी एक प्रश्न हमखास येतो: 2005, 2019 आणि 2021 ला इथे पाणी आलं होतं का? आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45 फूट. आपल्या गल्लीत किती फुटांना पाणी शिरतं, हे जुन्या शेजाऱ्यांना पाठ असतं. त्यांना विचारून खरं उत्तर लिहून ठेवा, मीटर आणि पंप किती उंचीवर बसवलेत तेही सांगा. अशा घरात मांडलेल्या सुंदर सोफ्यापेक्षा हे उत्तर माणसाला जास्त हवं असतं.

7. टेम्पो येण्याच्या दिवशी

लिफ्टला आतून पुठ्ठे लावा, जिन्याच्या कोपऱ्यांना फोम बांधा, चाव्यांना चिठ्ठ्या अडकवा. सामान चढवताना नव्या भिंतीला ओरखडे पडणारच. म्हणून प्रत्येक रंगाचा अर्धा लिटर डबा, त्यावर शेड नंबर लिहून, एका ब्रशसकट माळ्यावर ठेवा आणि रंगाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळचा तासभर राखून ठेवायला सांगा.