चहापाणी न देता वारस नोंद कशी करावी

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर माझं नाव चढायला अकरा महिने लागले. तोवर पीककर्ज अडलं. त्यानंतर गावातल्या बऱ्याच घरांच्या नोंदी मी करून दिल्या, एक रुपया वर न देता. "दोन हजार टाका नि मोकळे व्हा" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तुम्ही मोकळे होता, पुढच्या माणसाला तोच दर लागतो.

1. कागद: मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खाते उतारा), वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार. बहिणींची नावं गाळाल तर पुढे हरकत येणारच.

2. पोच: सगळा खेळ इथे आहे. मी पहिल्यांदा अर्ज तलाठ्याच्या टेबलावर ठेवून आलो. "साहेब मीटिंगला गेलेत", "सर्व्हर डाऊन आहे", "सोमवारी या" असे पाच महिने हेलपाटे, आणि मग "तुमचा कागद आलाच नाही." लगेच दोन हजारांचा आकडाही आला. माझ्याकडे तारखेचा चिटोराही नव्हता, भांडणार कशाच्या जोरावर?

म्हणून अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 नुसार तलाठ्याने लेखी पोच द्यायचीच असते. तोंड वाजवू नका, कलमाचा आकडा शांतपणे सांगा. तरी नाही म्हणाले, तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत तहसीलदारांना द्या. ई-हक्क या सरकारी ऑनलाइन सेवेवर अर्ज केलात तर क्रमांक आपोआप मिळतो, पण "मूळ कागद दाखवायला आणा" म्हणतील तेव्हा ते हातात सोडून येऊ नका.

3. नोटीस: हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. थांबा.

4. पैसे मागितले तर: घासाघीस नको, स्वतःहून आकडा तर मुळीच काढू नका. किती, कुणाला, कधी हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा. ते आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात, मग सापळा लावतात. रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंत तर समोरचा सावध झालाच म्हणून समजा. 2018 पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवा.

5. उतारा: महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढा. पंधरा रुपये पडतात.