पहिल्या सोलो क्रॉस-कंट्रीआधी इंधनाची तयारी

बारामती, गोंदिया, धुळे, जिथे कुठे विमान चालवायला शिकत असाल आणि पहिली सोलो क्रॉस-कंट्री, म्हणजे एकट्याने दुसऱ्या विमानतळापर्यंतचं लांबचं उड्डाण, जवळ आली असेल, तर तुमच्यासाठी हे लिहितोय. विमान सेस्ना 172 एस धरलंय. दुसरं असेल तर आकडे त्याच्या मॅन्युअलमधून घ्या.

आदल्या रात्री हिशेब लिटरमध्ये नको, वेळेत मांडा. दोन्ही टाक्यांत मिळून 56 गॅलन मावतं, पण वापरता येतं 53, म्हणजे साधारण 200 लिटर. समजा उद्या वापरण्याजोगं 105 लिटर आहे आणि ताशी 35 लागतं, तर हातात तीन तास. त्यातली 45 मिनिटं आपली नाहीतच असं समजून बाजूला ठेवा. उरलेल्या सव्वादोन तासांतच टॅक्सी (जमिनीवर विमान चालवत नेणं), चढाई, समोरचा वारा आणि पर्यायी विमानतळापर्यंतचा वळसा बसला पाहिजे.

सकाळी इंधनाच्या गेजवर विसंबू नका आणि "काल भरलंय" या शब्दावरही नको. वर चढा, झाकण उघडा, डिपस्टिक (इंधन मोजायची खुणांची काठी) सरळ उभी बुडवा आणि ओल सुकायच्या आत आकडा वाचा. दोन्ही पंख. विमान तिरकं उभं असेल तर आकडा फसवतो. झाकण स्वतःच्या हाताने घट्ट लावा.

मग ड्रेन, म्हणजे खालच्या झडपांतून थोडं इंधन पेल्यात काढून त्यात पाणी आहे का बघणं. या विमानाला ड्रेनच्या 13 जागा आहेत. तेराही करा, पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर राहिलेल्या विमानाला तर नक्कीच. पेल्यात पाणी तळाशी बसतं आणि मध्ये रेघ दिसते. पण पेलाभर नुसतं पाणीच आलं तर रेघ नसतेच, सगळं छान स्वच्छ दिसतं. म्हणून पेला पांढऱ्या पंखासमोर धरून रंग बघा: 100 एलएल, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, फिकट निळं असतं. वासही घ्या.

आता फ्युएल सिलेक्टर, म्हणजे कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी मूठ. बसल्या जागी, डोळे मिटून, हाताने सापडला पाहिजे. 12 ऑक्टोबर 1997 ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात माँटरेजवळ समुद्रात कोसळून गेले. नव्याने घेतलेल्या त्यांच्या लाँग-ईझी विमानात सिलेक्टरची मूठ डाव्या खांद्यामागे होती, तिच्यावर खुणाही नव्हत्या. हात पोचत नाही हे त्यांना उड्डाणाआधीच कळलं होतं. पक्कड लावूनही पाहिली होती. तासाभराचंच उड्डाण म्हणून इंधनही भरलं नाही. अमेरिकी तपासाचा निष्कर्ष असा, की मागे वळून मूठ फिरवताना नकळत उजवा रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायडल) दाबला गेला आणि ताबा सुटला. ही घटना मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो, कारण ती मूठ जमिनीवर असतानाच त्यांना अडली होती. जमिनीवर जे जमत नाही ते वर जमेल असं धरून निघू नका.

उड्डाणात दर अर्ध्या तासाला घड्याळ बघून नोंद करा. पायपर चेरोकी असेल तर सिलेक्टरवर 'बोथ' (दोन्ही टाक्या एकदम) नसतं. टाकी बदलायची वेळ आधीच लिहून ठेवा आणि खाली उतरता येईल अशी जागा असताना, पुरेशा उंचीवरच बदला. इंजिन अडखळलं तर आधी वेग 68 नॉट्स (हा आकडा 172 एसचा), मग सिलेक्टर, पंप, मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण). हा क्रम तोंडपाठ हवा. इंधन कमी पडतंय असं वाटलं तर लाजू नका, रेडिओवर 'मिनिमम फ्युएल' (आता उशीर परवडणार नाही) म्हणा, आणि बाजूला ठेवलेल्या 45 मिनिटांना हात लागणार असं दिसलं तर 'मेडे फ्युएल' (इंधनाची आणीबाणी).

उतरल्यावर परत डिपस्टिक घाला आणि खरोखर ताशी किती लागलं ते वहीत लिहा. पुढच्या वेळी 35 च्या जागी तोच आकडा धरा.