जीपच्या स्टिअरिंगचं वरचं बेअरिंग : उघडायच्या आधी काय काय गोळा करायचं

आमची जीप सीजे ३बी, उंच बॉनेटवाली, मूळची पेट्रोल पण मधी कुणीतरी डिझेल इंजिन घातलेलं, आणि गेलं वर्षभर तिचं स्टिअरिंग बाजेच्या सैल पायासारखं डुलत होतं. खड्ड्यात गेली की खडखड, वळवताना आत वाळू भरल्यासारखी खरखर. शेवटी जोतिबाची यात्रा झाल्यावर, पाऊस लागायच्या आत, कॉलमचं, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा (शाफ्ट) ज्या पाइपातनं खाली जातो त्याचं, वरचं बेअरिंग बदललं. काम तासाभराचं आहे, पण हाताशी सामान नसलं तर त्याचे तीन दिवस होतात. माझे झालेत मागच्या टायमाला, म्हणून ही यादी.

पान्याला हात लावायच्या आधी बेअरिंगच गेलंय का ते बघा, कारण निम्मे लोक इथंच चुकतात. गाडी बंद, पुढची चाकं सरळ, आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली, डावी-उजवीकडं हलवा, एक माणूस खाली वाकून बघायला पाहिजेच, एकट्यानं कळत नाही. शाफ्ट पाइपच्या आत हलतोय तर वरचं बेअरिंग. सगळा पाइपच हलतोय तर डॅशबोर्डखालचा क्लॅम्प सैल आहे, तो आवळा आणि चहा प्या, खर्च शून्य. नुसतं स्टिअरिंगच शाफ्टवर डुलतंय तर नट नाहीतर स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे दाते) गेलेत. आता स्टिअरिंग सरळ छातीकडं ओढून बघा, तसं पुढं-मागं येत असेल तर ते खाली स्टिअरिंग बॉक्समधल्या बेअरिंगचं दुखणं, तिथं कव्हरखालच्या शिमा (पातळ चकत्या) कमी-जास्त करायच्या असतात, वरचं बदलून काही उपयोग नाही. आणि चाकं वळायच्या आधी स्टिअरिंग नुसतंच चार बोटं फिरत असेल तर तो प्ले (ढिलेपणा) टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक ह्या चाकांकडं जाणाऱ्या दांड्यांचा नाहीतर बॉक्सचा. हे सगळे आजार एकाच गाडीत एकदम असू शकतात हे पण सांगून ठेवतो, आमच्यात तीन निघाले.

मग बेअरिंग. ते आधी हातात पाहिजे, गाडी उघडून मग शोधायला जायचं नाही. मी पहिल्यांदा कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो आणि ओळखीच्या लेथवाल्या मामांना विचारलं, मामा जीपच्या स्टिअरिंगचं बेअरिंग कुठं मिळंल, तर ते मान वर न करता म्हणाले, "माप आणलंयस का? तोंडानं सांगून बेअरिंग मिळतंय व्हय रं बाळा!" बरोबरच होतं. ह्या गाडीला वरचं बेअरिंग साधं गोल नंबरवालं नसतं, पाइपच्या वरच्या तोंडात बसतं आणि वरनं सीट (स्प्रिंगची बैठक) आणि स्प्रिंग त्याला दाबून धरते, म्हणून जुन्या जीपच्या स्पेअरवाल्याकडं मागताना बेअरिंग, सीट आणि स्प्रिंग असा पुरा सेट मागा. जुनी स्प्रिंग दबून ढिली पडलेली असली तर नवीन बेअरिंग पण महिन्यात खडखडायला लागतं. पण एवढ्या वर्षांत आधीच्या मालकानं तिथं काय घातलंय ते देव जाणे, नायलॉनचा बुश, पितळी बुश, नाहीतर नंबरचं बेअरिंग पत्र्याची पट्टी गुंडाळून. नंबरचं निघालं तर शेवटचे दोन आकडे (०४ आणि त्यापुढचे असतील तर) पाचानं गुणा, आतला होल मिळतो, म्हणजे ६००५ चा २५ मिमी, बाहेरनं ४७, जाडी १२. पुढं २आरएस लिहिलेलं घ्या, दोन्हीकडनं रबरी सील असतं, चिखलपाण्यात तेच टिकतं, झेडझेडवाल्याला नुसता पत्रा असतो. एक गोम आहे, ही गाडी इंचात बनलेली. १ इंच म्हणजे २५.४ मिमी, त्यावर २५ चं बेअरिंग जात नाही, आणि ठोकून घातलं तर गेलं कामातनं. तेव्हा व्हर्निअर जवळ ठेवा, शाफ्ट, पाइपचं आतलं तोंड आणि जाडी तिन्ही मापं वहीत लिहा.

पाने पण इंचाचेच. घरात मिलिमीटरचा सेट असतो, तो बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खातो. स्टिअरिंगचा मधला नट मोठा असतो, त्याचा सॉकेट साध्या सेटात नसतो, आदल्या दिवशीच मागून आणा आणि घालून बघा. स्टिअरिंग ओढून काढायचा दोन पायांचा पुलर, हा उसना चालतो, पण त्याचे पाय मधल्या हबच्या मागं बसतील एवढे बारीक पाहिजेत, दांड्यांना अडकवून ओढलं की जुनं स्टिअरिंग तडकतं. पितळी पंच किंवा सळई, लाकडाचा ठोकळा, पकड, स्क्रू ड्रायव्हर, पांढरा मार्कर, बारीक पॉलिश पेपर, थोडं रॉकेल, चिंध्या, एपी ३ ग्रीस, इन्सुलेशन टेप. गंज सोडवायचा स्प्रे आदल्या रात्री नटावर आणि स्प्लाइनवर मारून ठेवायचा, सकाळी निम्मी मारामारी वाचते.

हातोडा मुद्दाम यादीत नाही. मागच्या टायमाला एका मिस्त्रीनं शाफ्टच्या टोकावर दणादण घातले, आटे दबले ते दबलेच, शिवाय बॉक्समधल्या बेअरिंगला दणका बसला कारण ह्या गाडीत शाफ्ट अखंड खाली बॉक्सात जातो, मधी जॉइंट नाही. नंतरच्या काळातल्या गाड्यांना धडकेत दाबली जाणारी कॉलम असते, तिच्यावर ठोकलं तर आतल्या पिना तुटतात, आणि एअरबॅगवाली गाडी असेल तर घरी उघडूच नका, विषय संपला. पुलर लावताना नट पूर्ण काढायचा नाही, चार-पाच आटे ठेवायचे, स्टिअरिंग सुटतं ते एकदम सुटतं आणि नट नसला तर थेट तोंडावर येतं. मला ओठाला तीन टाके पडलेत, आईनं अजून जीपचं नाव काढू दिलं नाही.

हॉर्नची वायर हा वेगळा धडा. बॅटरीची तार आधी काढा, कारण हॉर्नला करंट कायम असतो, बटण फक्त अर्थिंग देतं, वायर कुठं टेकली की गल्लीभर भोंगा. ही वायर शाफ्टच्या पोटातनं वर येते, बटण काढल्यावर तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधून ठेवा, चुकून खाली घसरली तर पायजम्यात नाडी ओवायचा कार्यक्रम होतो आणि सेफ्टी पिन चालत नाही. इंडिकेटरच्या स्विचच्या वायरींचा फोटो काढा. स्टिअरिंग आणि शाफ्टवर मार्करनं एक रेघ मारा, नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं.

लेथवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. पाइपचं तोंड अंडाकृती झालं असेल तर नवीन बेअरिंग त्यात सैलच बसणार, काहीजण तिथं पंचचे टिंब मारून घट्ट करतात, गगनबावड्याच्या एका फेरीत परत सैल. बारीक स्लीव्ह (आतनं बसवायची नळी) करून घेतलेली बरी. वेळ सकाळची घ्या, कारण स्टिअरिंग काढलेली जीप हलवता येत नाही आणि गल्लीत उभी केली असली तर दुपारपर्यंत शेजारचे काका बाहेर येतातच, "भावा, ट्रॅक्टर काढायचा हाय."

बसवताना बेअरिंगला आधी ग्रीस चोळा, सीट आणि स्प्रिंग कुठल्या तोंडानं होती तो फोटो समोर ठेवा, नट मॅन्युअलात दिलेल्या टॉर्कनं (आवळायच्या जोरानं) आवळा. मग जॅकवर पुढची चाकं उचलून या टोकाला त्या टोकाला दोनदा पूर्ण फिरवा, वायर कुठं ओढली जाते का, हॉर्न वळवताना पण वाजतो का बघा. पहिली चक्कर मोकळ्या मैदानात, हायवेला नाही, आणि शंभरएक किलोमीटरनंतर नट परत एकदा तपासा. गाडी धुवायला देताना फवारा स्टिअरिंगच्या हबवर मारू नको म्हणून पोराला सांगायचं, आमचं आधीचं बेअरिंग गंजलं ते पावसानं कमी आणि त्या फवाऱ्यानं जास्त. जुना सेट मी टाकला नाही, मापांच्या वहीबरोबर डिकीतल्या डब्यात आहे, मामांनीच सांगितलं ठेव म्हणून.