शर्यतीचा घोडा आणि त्याच्यामागची माणसे : गौरव कसा करावा

एखाद्या रेस क्लबला, अश्वपालकांच्या संघटनेला किंवा संग्रहालयाला शर्यतीच्या घोड्यांचा गौरव करण्याची प्रथा सुरू करायची असेल, तर पहिल्या बैठकीत कोणत्याही घोड्याचे नाव निघू देऊ नये. नाव आधी ठरले की निकष त्या नावाच्या मापाने बेतले जातात आणि पुढच्या वर्षी तेच निकष दुसऱ्या कोणालाही बसत नाहीत. म्हणून पात्रता कोणाची, निवृत्तीनंतर किती काळ थांबायचे, निवडीसाठी किती मते लागतील आणि दिवंगतांचा विचार केव्हा करायचा, या चार गोष्टी प्रथम लेखी ठरवाव्यात आणि नंतरच नावे मागवावीत.

अमेरिकेत साराटोगा स्प्रिंग्ज येथील राष्ट्रीय रेसिंग संग्रहालयाचे ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे गौरवदालन, १९५५ पासून चालू आहे. तेथे घोडा निवृत्त होऊन पाच वर्षे झाल्याखेरीज त्याचे नाव विचारात घेतले जात नाही. ट्रेनरसाठी पंचवीस आणि जॉकीसाठी वीस वर्षांच्या कारकिर्दीची अट आहे. ही प्रतीक्षा काहींना जाचक वाटते, पण तिच्यामागे अनुभव आहे. २०२१ च्या केंटकी डर्बी या अमेरिकेतील नामांकित शर्यतीत मेडिना स्पिरिट हा घोडा पहिला आला. पुढे त्याच्या तपासणीत निषिद्ध औषधाचा अंश आढळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला अपात्र ठरवून ते विजेतेपद दुसऱ्या आलेल्या मँडलूनला देण्यात आले. शर्यतीनंतरच्या महिन्यातच कोणी कांस्यफलक बसवला असता, तर तो नऊ महिन्यांनी उतरवावा लागला असता. उलट ऑस्ट्रेलियाने विंक्स या घोडीला ती धावत असतानाच, २०१७ मध्ये, आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये घेतले. असा अपवाद करण्यास हरकत नाही. मात्र त्याची तरतूद नियमातच हवी, ऐनवेळच्या उत्साहात नव्हे.

समितीत पाच ते नऊ माणसे पुरतात. ज्याचा त्या घोड्यात हिस्सा आहे, ज्याच्या स्टडवर, म्हणजे पैदास केंद्रावर, तो पैदाशीसाठी उभा आहे किंवा ज्याच्याकडे त्याची शिंगरे विक्रीला आहेत, अशा सदस्याने त्या नावापुरते बैठकीबाहेर जावे. सन्मान मिळालेल्या घोड्याच्या वंशाला बाजारात भाव चढतो, हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलून दाखवत नाही. म्हणूनच ते नियमात लिहावे.

आता घोड्याची कामगिरी वाचायची कशी, हा खरा कठीण भाग. किती शर्यती आणि किती विजय, हा आकडा सर्वांत आधी डोळ्यांत भरतो आणि सर्वांत जास्त फसवतो. ब्रिटनमधील फ्रँकेल हा घोडा चौदापैकी चौदा शर्यती जिंकला, ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅविअर पंचवीसपैकी पंचवीस. पण ब्लॅक कॅविअर अल्प अंतराच्या वेगवान शर्यतींची घोडी होती, तर फ्रँकेलचे राज्य मुख्यतः एक मैलाच्या आसपासच्या अंतरावर होते. रेड रमने १९७३, १९७४ आणि १९७७ अशा तीन वेळा इंग्लंडमधील एंट्री (Aintree) या मैदानावरची ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत जिंकली, म्हणजे चार मैलांहून अधिक अंतर आणि तीस अडथळे. या तिघांना एका रांगेत उभे करून क्रमांक लावणे निरर्थक आहे. सपाट मैदानाच्या आणि अडथळ्यांच्या शर्यती वेगळ्या ठेवाव्यात, अंतराप्रमाणे गट पाडावेत आणि जुन्या काळातील घोड्यांसाठी स्वतंत्र उपसमिती नेमावी, कारण त्यांना प्रत्यक्ष धावताना पाहिलेली माणसे उरलेली नसतात.

अंतरापाठोपाठ घोड्याने पाठीवर वाहिलेले वजन पाहावे; काही शर्यतींत सरस घोड्यावर मुद्दाम जास्त भार देतात. १९७३ च्या त्याच ग्रँड नॅशनलमध्ये क्रिस्प हा घोडा बारा स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन घेऊन जवळजवळ संपूर्ण शर्यतभर आघाडीवर होता. रेड रमच्या पाठीवर त्याच्यापेक्षा तेवीस पौंड कमी वजन होते आणि तरीही क्रिस्प हरला तो घोड्याच्या अवघ्या पाऊण लांबीएवढ्या अंतराने. केवळ विजयाचा रकाना पाहणाऱ्या समितीच्या हातून क्रिस्प सुटेल, आणि माझ्या मते जी समिती त्याला सोडते तिला शर्यत वाचता येत नाही. टाइमफॉर्म या ब्रिटिश प्रकाशनासारखी मानांकने येथे उपयोगी पडतात, कारण ती वजन, अंतर आणि प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा लक्षात घेऊन केलेली असतात; फ्रँकेलला तेथे १४७ आणि १९६० च्या दशकातील सी बर्डला १४५ गुण आहेत. पण मानांकन हा पुरावा समजावा, निकाल नव्हे.

लोकप्रियतेचे काय करायचे, हा प्रश्न हमखास येतो. जपानमधील हारु उरारा ही घोडी ११३ शर्यती धावली, एकही जिंकली नाही, आणि तरी देशभर तिच्यावर लोकांचा जीव जडला. अशा घोड्यांसाठी निराळा सन्मान ठेवावा आणि त्याला निराळेच नाव द्यावे. श्रेष्ठत्वाच्या यादीत तिला घुसवले तर यादीचीही शोभा जाते आणि तिचीही.

निवड होण्यापूर्वी प्रत्येक आकडा मूळ नोंदीशी ताडून पाहावा. अमेरिकेतील १९७३ च्या प्रीकनेस शर्यतीत सेक्रेटेरिएट या घोड्याची वेळ स्वयंचलित घड्याळाने १ मिनिट ५५ सेकंद दाखवली होती, तर हाताने वेळ मोजणाऱ्यांच्या घड्याळांत ती त्याहून बरीच कमी होती. त्याच्या मालकीणबाई पेनी चेनेरी यांनी पाठपुरावा केला, जुन्या चित्रफितींची तपासणी झाली आणि २०१२ मध्ये अधिकृत वेळ १ मिनिट ५३ सेकंद अशी दुरुस्त करण्यात आली. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन जॉकी आयझॅक मर्फी याने केंटकी डर्बी तीन वेळा जिंकली. त्याच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे त्याच्या विजयांचे प्रमाण ४४ टक्के होते. उपलब्ध नोंदींतून ते सुमारे ३४ टक्के निघते. ३४ टक्केदेखील थक्क करणारेच आहे, तेव्हा मानपत्रात तेच लिहावे.

आता माणसांविषयी. मालक, ट्रेनर आणि जॉकी यांची नावे निकालपत्रकातच असतात, त्यामुळे ती शोधावी लागत नाहीत. शोधावा लागतो तो घोड्याची पैदास करणारा, सकाळच्या सरावात त्याच्यावर बसणारा स्वार, नालबंद, पशुवैद्य आणि सर्वांत आधी सईस, म्हणजे घोड्याची रोजची निगा राखणारा माणूस. सईस पहाटे तबेल्यात शिरला की प्रथम गव्हाणीत दाणा उरला आहे का ते पाहतो, मग खाली बसून पुढच्या पायांच्या नळीमागून तळहात सावकाश फिरवतो. एका पायाची कंडरा दुसऱ्या पायापेक्षा किंचित गरम लागली तरी त्या दिवशी घोडा धावत नाही. सूज डोळ्यांना दिसण्याआधी ती त्याच्या हाताला कळते. कितीतरी घोड्यांची कारकीर्द अशा एखाद्या सकाळी वाचलेली असते आणि तिची नोंद कुठेच नसते.

ही नावे मिळवण्यासाठी तबेल्याचे हजेरीपट आणि पगारपत्रके पाहावीत, जुन्या छायाचित्रांत लगाम धरून उभा असलेला माणूस कोण हे किमान दोन जाणत्यांना स्वतंत्रपणे विचारावे, आणि ती व्यक्ती हयात असेल तर तिचे नाव कसे लिहायचे ते तिलाच विचारावे. ‘लालू’ किंवा ‘बाबू’ असे तबेल्यातले हाक मारण्याचे नाव फलकावर कोरून ठेवणे हा गौरव नव्हे. केंटकी हॉर्स पार्कमधील सेक्रेटेरिएटचा कांस्यपुतळा या बाबतीत अभ्यासण्याजोगा आहे : पाठीवर जॉकी रॉन टर्कॉट आहे आणि घोड्याला धरून चालवत नेणारा सईस एडी स्वेट त्याच शिल्पात, त्याच आकारात आहे. ब्रिटनमध्ये अनेक शर्यतींपूर्वी पॅडॉकमध्ये, म्हणजे घोडे फिरवून दाखवण्याच्या आवारात, सर्वांत नेटक्या राखलेल्या घोड्यासाठी बक्षीस दिले जाते आणि ते त्याची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याला मिळते. ही साधी, स्वस्त आणि तत्काळ सुरू करता येण्याजोगी गोष्ट आहे.

समारंभाची वेळ ठरवताना तबेल्याचे वेळापत्रक समोर ठेवावे. संध्याकाळच्या दाण्याच्या वेळी कार्यक्रम ठेवला, तर ज्यांचा सत्कार करायचा तीच माणसे कामावर असतात आणि त्यांच्या वतीने मालकच शाल स्वीकारतो. सईसाला स्मृतिचिन्हाबरोबर रोख रक्कमही द्यावी, आणि ती परस्पर त्याच्या खात्यात जमा करावी. आभारप्रदर्शनात शेवटी ‘आणि इतर कर्मचारी’ असा उल्लेख करणार असाल, तर तो न केलेला बरा.

मानपत्र दीडशे शब्दांच्या आत असावे. ‘वाऱ्याशी पैज लावणारा, रसिकांच्या हृदयसिंहासनावर विराजमान झालेला अश्वराज’ हे वाक्य कोणत्याही घोड्याला चालते, म्हणून ते कोणाचेच नसते. त्याऐवजी, उदाहरणार्थ रेड रमविषयी, ‘१९७४ मध्ये बारा स्टोन वजन घेऊन त्याने सलग दुसऱ्यांदा ग्रँड नॅशनल जिंकली’ असे लिहावे. यात वर्ष आहे, भार आहे आणि कामगिरी आहे. जन्मवर्ष, आई-बाप, पैदास करणारा, ट्रेनर, जॉकी आणि सईस यांची नावे मजकुरातच गुंफावीत, तळटिपेत ढकलू नयेत.

घोडा हयात असेल तर त्याला समारंभास आणावे की नाही, याचा निर्णय पशुवैद्य आणि सईस यांनी घ्यावा, संयोजकांनी नव्हे. आणलाच तर वाद्ये आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा, पाय घसरणार नाही अशी जमीन निवडावी, बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा राखावा आणि दहा मिनिटांत त्याला परत न्यावे. हार घालायचाच असेल तर फुले तपासून घ्यावीत. कण्हेर घोड्याला विषारी असते आणि गळ्यातला हार तो खाणार नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शंका असेल तेव्हा त्याच्या शर्यतीची चित्रफीत दाखवावी.

पुतळा किंवा चित्र करून घेताना दोन्ही बाजूंची छायाचित्रे शिल्पकाराला द्यावीत, कारण घोडा ओळखला जातो तो त्याच्या खुणांवरून. सेक्रेटेरिएटचे तीन पाय पांढरे होते, चार नव्हेत. मृत्यूनंतरच्या स्मारकाविषयी मालकाशी आधीच लेखी बोलून घ्यावे. ऑस्ट्रेलियात गाजलेला फार लॅप हा घोडा १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात मेला. आज त्याची कातडी मेलबर्नच्या संग्रहालयात आहे, सांगाडा वेलिंग्टनला आणि हृदय कॅनबेराला.

पुढे निकाल बदलला, अपात्रता जाहीर झाली किंवा नवी कागदपत्रे हाती आली, तर सन्मान मागे घेण्याची अथवा मजकूर दुरुस्त करण्याची पद्धतही पहिल्याच वर्षी ठरवावी : लेखी अर्ज, संबंधितांचे म्हणणे मांडण्यासाठी तीन महिन्यांची मुदत, निवडीला लागते तेवढेच बहुमत, आणि फलकाशेजारी दुरुस्तीची तारीख. निवडीच्या वेळी जमवलेले पुरावे, मतांची नोंद आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण यांच्या दोन प्रती करून त्यांपैकी एक संस्थेच्या कार्यालयाबाहेर, एखाद्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात ठेवावी.