तोडणी झाली, पाचटाला काडी लावू नका

ऊसतोड टोळी फड मोकळा करून पुढच्या गावाला जाते आणि त्याच संध्याकाळी पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवला जाऊन शिवारात धूर उठतो. यंदा आपल्या रानात तरी तो उठू नये, एवढ्यासाठी हा सल्ला.

उसाच्या एका एकरात तीन ते चार टन पाचट पडतं. त्यात साधारण १६ ते २० किलो नत्र (नायट्रोजन), ३० ते ४० किलो पालाश (पोटॅश) आणि सव्वा ते दीड टन सेंद्रिय कर्ब (कार्बन) असतो. "राख म्हणजे खतच की," असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. राखेत पालाश आणि थोडं स्फुरद (फॉस्फरस) उरतं, पण नत्र आणि कर्ब धुराबरोबर जातात. शिवाय आचेनं बुडख्यांचे, म्हणजे तोडणीनंतर जमिनीत राहिलेल्या खोडांचे, डोळे भाजतात, ते वेगळंच.

खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक, १५ फेब्रुवारीपूर्वी तुटलेल्या, निरोगी उसाचाच ठेवा. गवताळ वाढीची (रोगानं गवतासारखी फुटलेली) बेटं किंवा नांग्या (मधल्या रिकाम्या जागा) जास्त असतील तर खोडव्याचा मोह नको. पण तिथलंही पाचट कुट्टी करून मातीत गाडा.

खोडवा ठेवायचा ठरला, की बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत घ्या. वर राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा, म्हणजे फुटवे जमिनीखालून जोमानं येतात. छाटलेल्या बुडख्यांवर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात फवारा. मग सरीतल्या पाचटावर एकरी ३२ किलो युरिया आणि ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट फेका. पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन ४ किलो घेऊन चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा आणि तेही पसरा. लगेच पाणी द्या. सरी ओली असताना पाचट पायानं दाबलं तर मातीला चिकटतं आणि लवकर कुजतं.

यातला युरिया कुणी वाचवायला जाऊ नये. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र फार कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतंच. आपण दिलं नाही तर ते जमिनीतलं उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. "पाचट ठेवून बघितलं, ऊस खुंटला," असं म्हणणाऱ्यांनी पुन्हा काडी हातात घेण्याआधी हे एकदा तपासावं.

बगला फोडायची (वरंब्याच्या कडा उकरायची), नांगर घालायची गरज नाही. रासायनिक खत पहारीनं द्या: पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत, दुसरा साधारण १३५ दिवसांनी सरीच्या विरुद्ध बाजूला. भोक बुडख्यापासून १० ते १२ सेंटिमीटरवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल आणि दोन भोकांत एक फूट अंतर. खत मुळाशी पडतं, वाया कमी जातं. पाचटाखाली ओल टिकते, तण दबतं. म्हणून ठरलेल्या पाळीवर पाणी सोडू नका. पाचट बाजूला सारून माती हातात घ्या आणि मग ठरवा.

जमीन न उलटता तिच्यावर पांघरूण ठेवणं, हीच पुनरुज्जीवक शेती. २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी फ्रान्सनं जगापुढे कल्पना मांडली: मातीतला कर्ब दरवर्षी हजारी चार इतका वाढवायचा. सगळ्या जमिनींत ते साधेल असं मला वाटत नाही. पाचटातला बहुतेक कर्ब कुजताना हवेतच परत जातो, थोडाच ह्युमस (पूर्ण कुजलेला सेंद्रिय भाग) होऊन मातीत राहतो. पण तो थोडा दरवर्षी साठत गेला तर माती भुसभुशीत होते, पाणी धरते आणि खताला जागते. हवामान लहरी झालं असताना पुढच्या पिढीला याच जमिनीतून पीक घ्यायचं आहे, म्हणून मला हे कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे कर्ब साठवल्याबद्दल मिळणाऱ्या पैशाच्या, हिशेबापेक्षा मोठं वाटतं. आता मातीचा नमुना तपासून सेंद्रिय कर्बाचा आकडा लिहून ठेवा आणि तीन वर्षांनी त्याच जागचा नमुना पुन्हा द्या.

एक काळजी मात्र आजच घ्या. वाळलेलं पाचट शेजारच्या ठिणगीनंही पेटतं. पहिलं पाणी बसेपर्यंत रस्त्याकडेचा, बांधालगतचा आणि विजेच्या तारांखालचा चार-पाच फुटांचा पट्टा झाडून मोकळा ठेवा आणि शेजारी जाळणार असेल तर त्याला आधी भेटा.